जगन तुळशीराम घरत, वय सहा, हजर

पनवेल पोलीस ठाणे, जिल्हा कुलाबा
ता. १६ डिसेंबर १९५७, सोमवार, सकाळी ११ वाजता

नाव : भीमाबाई भ्र. तुळशीराम घरत. वय : अदमासे ३२ वर्षे. धंदा : मिठागरात मजुरी. राहणार : मौजे वडघर, तालुका पनवेल.

मी वर लिहिलेली भीमाबाई, कोणी बोलावलेलं नसताना स्वतःच्या पायांनी चालत ठाण्यात आले आहे, आणि हेड कॉन्स्टेबल जमाल यांच्या टेबलासमोर बसून सांगते ते असे की, मी वडघरला नवरा व मुलांसह राहते. नवरा तुळशीराम मिठाच्या मचव्यावर तांडेल आहे. मीठ भरून मुंबईला नेतो आणि रिकामा मचवा परत आणतो. मला लिहिता वाचता येत नाही. हवालदारांनी पहिल्याच ओळीत 'सदर महिला' असं लिहून वाचून दाखवलं. मी म्हटलं, मी बोलते तसं लिहा, तुमच्या सदरबिदरमध्ये माझं काही अडलेलं नाही. ते म्हणाले, बाई, सरकारी कागद आहे. मी म्हटलं, पोर माझा आहे. मग त्यांनी नवा कागद घेतला.

मला तीन मुलं आहेत. मुलगी मालू, वय नऊ. मुलगा जगन, वय सहा. मुलगा शिवा, वय दोन. मालू व शिवा घरी आहेत. जगन माझ्याबरोबर आला असून आत्ता माझ्या डाव्या बाजूला बसला आहे. त्याच्या सदऱ्याचं टोक मी माझ्या पदराला गाठ मारून बांधलं आहे. ती गाठ हवालदारांनी पाहिली आणि हसले. घरात आणखी एक मुलगी आहे, अदमासे पाच वर्षांची. तिला हंसा म्हणतात. ती माझी नाही. ती कशी आली ते पुढे सांगते.

जगनच्या खुणा लिहून घ्या म्हणून मी सांगितलं, त्या अशा. वरचे पुढचे दोन दात पडलेले. डाव्या कानामागे तीळ. उजव्या घोट्यावर भाजल्याचा डाग, कढत पेज सांडली होती. उजव्या नाकपुडीला टोचलेलं भोक. अंगात निळा सदरा, गळ्याचं बटण नाही. हवालदार म्हणाले, "बाई, आम्ही हरवलेल्या पोरांची नोंद करतो. हा तर समोर बसून माझ्या टेबलावरची लाख खरवडतोय." खरंच तो टेबलाच्या कडेला सांडलेली सीलची लाख नखाने काढत होता. मी त्याच्या हातावर चापट मारली. मग मी हवालदारांना म्हटलं, हरवल्यावर नोंद करायला कोण येईल? तेव्हा मलाच आठवणार नाही. आत्ता आठवतंय तोवर लिहून घ्या. मी एवढ्याचसाठी आले आहे. यावर ते हसले नाहीत.

जगनच्या आधी माझे दोन मुलगे गेले. एक बाराव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचा होऊन. तेव्हा आम्ही एकवीरेला बोललो. जगन झाला. तो जगावा म्हणून जगन. असा नवसाचा पोर असला की आमच्याकडे त्याचं नाक टोचतात आणि त्याचं नाव परक्याला सांगत नाहीत. बाहेर धोंड्या म्हणायचं, पोरा म्हणायचं, काहीही म्हणायचं, खरं नाव घरात. माझ्या आजीने तेच केलं, सासूने तेच केलं, मी तेच केलं. शाळेत घालताना नवऱ्याने मास्तरांना खरं नाव सांगितलं म्हणून मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी चूक यातून झाली आहे आणि ती माझी आहे.

यंदा भात झोडून झालं होतं आणि मिठागरं सुरू व्हायची होती. मचवा डांबर लावायला वर ओढला होता. नवऱ्याच्या हाताला काम नव्हतं. काम नसलं की त्याच्या डोक्यात किडे वळवळतात. तो म्हणाला, "अख्खा जल्म लोकांचा मीठ वाहिला. एकदा आगबोटीत बसू. दुसरा कोणी हाकील, आपण पाय पसरून समिंदर बघू." मी म्हटलं, "मंग रोज बघतोस तो काय, हौद हाय?" आमच्यात समुद्रावर कामाला जातात. मजेला कोणी जात नाही. सासू जिवंत असती तर तिने त्याला फोकाने बडवला असता. पण मालू आणि जगन आंगणात नाचायलाच लागले, आणि खोटं कशाला बोलू, हौस मला पण होती. मी पेटीतलं नवं लुगडं काढलं.

सोमवार ता. २५ नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजता आम्ही भाऊच्या धक्क्यावरून हर्णैला जाणाऱ्या आगबोटीत बसलो. हर्णैला नवऱ्याचा ओळखीचा काळूराम म्हणून नाखवा राहतो, त्याच्याकडे तीन दिवस राहायचं ठरलं होतं. आमची जाण्यायेण्याची तिकिटं दोन पुरी व दोन अर्धी. अर्धी तिकिटं मालू व जगन यांची. शिवा कडेवरचा म्हणून त्याला तिकीट नाही. ती दोन्ही अर्धी तिकिटं मी जपून ठेवली आहेत व आज हवालदारांच्या हवाली केली आहेत.

आम्ही खालच्या डेकवर सतरंजी टाकली. पाय पसरून बसणार होता तो माझा नवरा पाच मिनिटं बसला असेल तर शपथ. तो सुकाणूवाल्याला वारा शिकवायला गेला आणि त्यांनी त्याला हाकलून लावलं. जगन विचारत होता, "आये, हिला शीड नाय, मंग ही रागानं चालते का?" मालू हसून हसून लोळत होती. मी पण हसले. तसं मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते. हे जबाबात घेण्यासारखं नाही असं हवालदार म्हणतात, पण मी म्हटलं घ्या.

दुपारी एकच्या सुमारास, जंजिरा दिसायला लागला तेव्हा, एक बाई आमच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसली. वय माझ्याएवढं. लुगडं आमच्यासारखंच गुडघ्यावर कसलेलं. सामान काही नाही. मांडीवर एक पोर, डोक्यापासून पायापर्यंत फडक्यात गुंडाळलेलं, झोपलेलं. बाईचे केस ओले होते. त्या दिवशी ऊन कडक होतं आणि पाणी उडत नव्हतं. मी म्हटलं, कुठे नळावर न्हाली असेल. ती आमचीच बोली बोलत होती, पण माझी आजी बोलायची तशी. हल्ली तसं कोणी बोलत नाही. मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

मी तिला भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तिने भाकरी हुंगली व परत ठेवली. म्हणाली, "मिठाची हाय. तुझा मीठ खाल्ला तर मिठाला जागावा लागंल." मला वाटलं थट्टा करते. मग तिने विचारलं, "पोरा किती तुला?" अशा वेळी आमच्यात 'देवाची हाईत' म्हणतात. आकडा सांगत नाहीत. पण सहलीची हवा डोक्यात गेली होती, नवं लुगडं होतं, पोरं हसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन." तिने विचारलं, "नावा काय?" तेव्हा मी शुद्धीवर आले. मालूचं सांगितलं. शिवाचं सांगितलं. जगन तेव्हा कठड्याशी होता. त्याच्याकडे बोट करून मी म्हटलं, "त्याचा नाव नाय सांगत." ती म्हणाली, "नको सांगू. मंग तिसरी जागा मोकळीच हाय." असं म्हणून तिने मांडीवरचं पोर थोपटलं. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं, की मी माझं नवसाचं पोर झाकून ठेवलं.

साडेचारच्या सुमारास हर्णै आलं. तिथे आगबोट किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव, म्हणजे किनाऱ्यावरच्या होड्या, तिला येऊन भिडतात. मोठी माणसं शिडीने उतरतात. पोरं हातोहात देतात. वरचा खलाशी ओरडतो, "पोर घ्या!" आणि खालचा झेलतो व ज्याची मांडी रिकामी दिसेल तिच्यावर ठेवतो. ज्याच्या मांडीवर आलं त्याने ते धरायचं, कोणाचं ते किनाऱ्याला गेल्यावर बघायचं, अशी तिथली पद्धत आहे. पडाववाले मोठ्यांची डोकी मोजतात. पोरांची मोजत नाहीत. लाट मोठी होती. माझ्या मांडीवर आधी कोणा वाण्याचं पोर आलं, मग शिवा आला, मग फडक्यात गुंडाळलेलं एक. ते बर्फासारखं गार होतं. मी त्याला उराशी धरलं. पोर गार असलं की आई दुसरं काय करणार?

किनाऱ्यावर ज्याने त्याने आपापलं पोर उचललं. माझ्याकडे मालू, जगन व शिवा असे तिघे होते. आणि ही. फडकं सोडलं तर पाचएक वर्षांची मुलगी, चांगली धडधाकट, डोळे उघडे. रडली नाही. मी त्या बाईला हाका मारल्या. आगबोट तोवर सुटली होती. नवऱ्याने बंदरावरच्या कारकुनाला सांगितलं. त्याने पुढच्या बंदरांना तार केली. दुसऱ्या दिवशी जबाब आला की, बोटीवर कोणाचं मूल हरवलेलं नाही आणि त्या वर्णनाची बाई कोणी पाहिली नाही. तिथल्या पोलीस पाटलाने, तपास लागेतोवर मुलगी घरत यांच्याजवळ राहील, असं लिहून घेतलं. मुलगी स्वतःहून एकच शब्द बोलली. मला 'आये' म्हणाली. हंसा हे नाव मालूने ठेवलं.

परत येताना, गुरुवारी ता. २८ रोजी, आगबोटीवर तिकीट तपासणारा आला. त्याने दोन अर्धी तिकिटं बघितली, मालूकडे बघितलं, हंसाकडे बघितलं व तिकिटं परत दिली. जगन त्या दोघींच्या मधे बसला होता. त्याचं तिकीट विचारलंच नाही. मी नवऱ्याला कोपर मारलं, की बघ, एक पोर फुकटात चाललं. आम्ही दोघे हसलो. माझ्या तोंडाला आग लागो.

घरी आल्यावर शेजारची सखूबाई देवळातला प्रसाद घेऊन आली. तीन लाडू दिले. मालूला, हंसाला, शिवाला. जगन हात पुढे करून उभा होता. मी म्हटलं, "आगे, याला?" ती म्हणाली, "कोणाला?" मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आगबाई, हा तुमच्याकडं पाव्हणा आयलाय का?" मी तिला चार शब्द सुनावले. ती रडत गेली. सखूबाईने या जगनची नाळ कापली आहे.

यानंतर रोज काही ना काही झालं. सगळं सांगत बसले तर कागद पुरणार नाही. नवऱ्याने जगनवर ओरडणं बंद केलं. आधी दिवसातून दहा वेळा ओरडायचा. मला वाटलं, सुधारला. एक दिवस कोनाड्यातली पाटी हातात घेऊन त्याने विचारलं, "ही कोणाची ठेवलीस?" मी म्हटलं, "जगनची." तो 'बरं' म्हणाला, आणि मला कळलं की त्याला काहीच कळलेलं नाही. मी त्याच्यापुढे अर्धी तिकिटं टाकली. म्हटलं, "ही दोन कोणाची?" तो म्हणाला, "एक मालूची, एक हंसाची. डोका फिरला काय तुझा?" जो माणूस एकवीरेचा डोंगर या पोराला खांद्यावर घेऊन चढला, तो असं म्हणाला.

सोमवारी ता. ९ रोजी मी शाळेत गेले. जगन शाळेत जाऊन बसतो, पण मास्तर हजेरीला त्याचं नाव घेत नाहीत, असं मालूने सांगितलं होतं. मास्तरांनी डिसेंबरची हजेरी दाखवली. त्यात नाव नाही. मी म्हटलं, मागल्या महिन्याची काढा. त्यात त्यांनी बोट ठेवून वाचलं, जगन तुळशीराम घरत. म्हणाले, "खरंच की. अक्षर माझंच आहे. पण हा मुलगा शाळा सोडून गेला असेल." जगन माझ्या कुशीला उभा होता. मी म्हटलं, हा काय. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. चांगला माणूस आहे. त्यांनी हजेरी पुन्हा उघडून तीच ओळ वाचली. त्या दिवशी मला समजलं की माणसाला आठवत नाही, पण कागदाला आठवतं. म्हणून मी इथे आले. शाळेच्या कागदापेक्षा तुमचा कागद मोठा असणार.

गुरुवारी ता. १२ रोजी दुपारी ओहोटीला जगन चिखलाने भरलेल्या पायांनी घरी आला. म्हणाला, "आये, खाडीत ती बोटीतली मावशी बसलीय. तिची मांडी रिकामी हाय. तिनं मना नाव इचारला." मी विचारलं, "मंग?" तो म्हणाला, "मी नाय सांगितला. तू नको म्हणालीस ना!" मी म्हटलं, "शाबास माझा वाघ." आणि त्याला गूळ दिला. गूळ खाता खाता तो म्हणाला, "ती म्हणते, ज्याला नाव नाय तो कोणाचाच नाय." मी धावत बंदरावर गेले. पलीकडे चिखलात बाई नव्हती. बसल्याचा खळगा होता आणि त्यात पाणी भरत होतं. चिखलात येतानाची पावलं नव्हती, जातानाची पण नव्हती. नवरा नेहमी म्हणतो की रिकामा मचवा स्वतःच पाणी भरून घेतो. मी तिला तीन सांगितली आणि नावं दोन दिली. तिसरी जागा मी माझ्या हाताने रिकामी ठेवली. तिने आपलं पोर तिथे बसवलं. आता माझ्याकडे चार झाली, आणि मी तर तीनच सांगितली होती.

तेव्हापासून मी गावभर ओरडून सांगते आहे की याचं नाव जगन. जगन. जगन. विहिरीवर सांगितलं, दुकानात सांगितलं, खाडीच्या काठाला उभं राहून पाण्याला सांगितलं. लोक म्हणतात भीमाला लागीर झालं. नवरा म्हणतो, भगताकडे जाऊ. हंसा काही करत नाही. ती गुणी पोर आहे, शिवाला खेळवते, भांडी विसळते. तिचं अंग आता गार लागत नाही. जगनचं लागतं. परवापासून तो सारखं पाणी मागतो आणि मला सारखं विचारतो, "आये, मी हाय ना?" मी म्हणते, "हायस रे बाबा." हे सांगताना मला रडू आलं. हवालदारांनी थांबून मला वेळ दिला.

आज सकाळी मी भाकऱ्या थापल्या. मोठ्यांच्या वेगळ्या आणि पोरांच्या लहान. लहान भाकऱ्या टोपलीत टाकून बघते तर तीन. चौथी मी थापलीच नव्हती. ते कोणी दुसऱ्याने केलं नाही, मी केलं. माझ्या या हातांनी केलं. मी चुलीतला विस्तव तसाच टाकला, जगनला पदराला बांधला आणि पनवेलला चालत आले. वाटेत पुलावर मी एकदा मागे वळून बघितलं की पदर कशाला ओढतोय. म्हणून हवालदार, लवकर लिहा. हा माझा मधला मुलगा आहे. याचं नाव जगन तुळशीराम घरत. हा आजच्या तारखेला जिवंत असून माझ्याजवळ हजर आहे. सरकारने हे लिहून ठेवावं आणि कोणी विचारलं तर दाखवावं.

या ठिकाणी जगनने पाणी मागितलं. माठ ठाण्याच्या ओट्यावर आहे. गाठ सोडल्याशिवाय त्याला जाता येईना आणि मला उठता येईना, कारण हवालदारांनी अंगठ्यासाठी माझ्या हाताला शाई लावायला घेतली होती. हवालदार म्हणाले, "दारातून सगळं दिसतंय. जाऊ द्या बच्च्याला, मी बघतोय." मी गाठ सोडली. तो गेला. माठाजवळ उभा आहे, पेला त्याच्या हातात आहे, मला दिसतो आहे. असं लिहा.

पुढे विचारल्यावरून सांगते की, हर्णैला आम्ही तीन दिवस राहिलो. काळूराम नाखव्याच्या घरच्यांनी आमचं चांगलं केलं. मुलांनी किल्ला बघितला. येताना आगबोटीत शिवाला उलटी झाली, बाकी काही त्रास झाला नाही. मालू आणि हंसा दोघी कठड्याला धरून गाणी म्हणत होत्या. त्या दोघींची अर्धी तिकिटं मी आठवण म्हणून ठेवली आहेत. ती हवालदारांच्या टेबलावर कशी आली माहीत नाही, ती परत मिळावीत. सहल चांगली झाली. पुन्हा एकदा जावं असं नवरा म्हणतो.

ठाण्यात कशासाठी आलात असं हवालदारांनी विचारलं. त्यावर सांगते की, काहीतरी हरवलं म्हणून आले. काय ते आत्ता आठवत नाही. घरातून निघताना आठवत होतं. पदराला गाठ मारून सोडल्याच्या सुरकुत्या आहेत. मी काही लक्षात ठेवायचं असलं की गाठ मारते, तशीच मारली असेल. माझी तक्रार कोणावर नाही. मला तीन मुलं आहेत. मालू, हंसा व शिवा. तिघे घरी सुखरूप आहेत.

(लिहून घेणाऱ्याची टीप : बाईला जबाब सुरुवातीपासून वाचून दाखवला. वरील मजकूर सर्व माझ्या हस्ताक्षरात आहे. मी सकाळी अकरापासून जागेवरून उठलेलो नाही. मुलगा पाहिल्याचे मला स्मरत नाही. टेबलाच्या कडेची लाख खरवडलेली असून चुरा बाकाखाली पडला आहे. ओट्यावर पेला भरलेला आहे, प्यायलेला नाही. ओट्याच्या पायरीवर चिखलाचे ओले पाऊल एक, लहान, बाहेर जाणारे. सबब मजकूर खोडावा की ठेवावा हे बाईला विचारले. हे. कॉ. जमाल.)

हवालदारांनी मला माझ्या बोलण्याचा शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवला. तो मी ऐकला. बोलणं माझंच वाटतं. सहलीचं, नवऱ्याचं, लुगड्याचं सगळं खरं आहे. फक्त त्यात जगन म्हणून ज्या पोराचं येतं तो कोण, ते मला माहीत नाही. ऐकताना मात्र माझ्या छातीत दूध यावं तसं दुखलं. हवालदार म्हणाले, मग तेवढं खोडू का? मी म्हटलं, नका खोडू. दोन दात पडलेत, कानामागं तीळ आहे, इतकं जिने सांगितलं ती त्याची आईच असणार. ती शोधत येईल. आली तर तिला हा कागद दाखवा आणि सांगा की नाव लिहिलेलं आहे. एवढं सांगून, शाई लावलेला अंगठा मी माझ्या राजीखुशीने खाली उमटवला आहे.

भीमाबाई भ्र. तुळशीराम घरत, निशाणी अंगठा.